विस्मरणाचे पाणी, स्मरणाचे पाणी: लिवादियाचा कौल

लिवादिया हे मध्य ग्रीसमधील बोइओशिया जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. अथेन्सच्या वायव्येस सुमारे १३० किलोमीटरवर, डेल्फीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. वस्ती २० हजारांच्या आसपास. हेलिकॉन पर्वताच्या रांगा जिथे उत्तरेकडे मैदानात उतरतात तिथे एक अरुंद, उभ्या कड्यांची घळ आहे. तिच्या तोंडाशी कातळातून थंडगार झरे फुटतात आणि त्यांचीच हर्किना नावाची छोटी नदी होऊन गावातून वाहत जाते. या पाण्याच्या जोरावर इथे पिठाच्या चक्क्या चालल्या, पुढे कापसाचे कारखाने चालले. पूर्वी हर्किना कोपाइस नावाच्या विस्तीर्ण, उथळ सरोवराला मिळत असे. ते सरोवर आटवण्याचे काम १८८० च्या दशकात एका फ्रेंच कंपनीने हाती घेतले आणि पुढे ब्रिटिश कंपनीने ते तडीस नेले. आता त्या तळाच्या काळ्या जमिनीवर शेती होते. झरे मात्र होते तिथेच आहेत. त्यांच्या शेजारच्या कड्यात नवसाच्या वस्तू ठेवण्यासाठी कोरलेले कोनाडे आजही दिसतात.

प्राचीन काळी या गावाचे नाव लेबाडिया होते आणि त्याची ख्याती एका कौलामुळे होती. ट्रोफोनियस नावाच्या, जमिनीने गिळलेल्या वीराकडे लोक भविष्य विचारायला येत. त्यासाठी त्यांना जमिनीच्या पोटात उतरावे लागे आणि त्याआधी दोन झऱ्यांचे पाणी प्यावे लागे. पहिला झरा लेथीचा, म्हणजे विस्मरणाचा. दुसरा म्नेमोसिनीचा, म्हणजे स्मरणाचा. ज्ञान मिळवायला निघालेल्या माणसाला आधी विसरायला का लावावे? आणि शुद्ध हरपलेल्या माणसाने जे पाहिले ते ज्ञान कशाने ठरते? धर्माच्या इतिहासात हे प्रश्न अनेक ठिकाणी उभे राहिले, पण एका लहान गावाच्या पाणवठ्यावर ते इतक्या नेमकेपणाने मांडले गेल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

ट्रोफोनियसच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि हे न जुळणेच बोलके आहे. एका कथेत तो आणि त्याचा भाऊ अगामेदीस हे जवळच्याच ऑर्कोमेनोसच्या राजाचे पुत्र, निष्णात बांधकाम करणारे. त्यांनी हिरिएउस राजाचा खजिना बांधला, भिंतीत एक सरकता दगड ठेवला आणि रोज थोडे सोने पळवू लागले. राजाने सापळा लावला, अगामेदीस अडकला, आणि ओळख पटू नये म्हणून ट्रोफोनियसने भावाचे मस्तक कापून नेले. पुढे लेबाडियाच्या राईत धरणी दुभंगली आणि तिने त्याला पोटात घेतले. दुसऱ्या कथेत हेच दोघे डेल्फी येथे अपोलोचे मंदिर बांधतात आणि देवाकडे मजुरी मागतात. माणसासाठी जे सर्वांत चांगले ते ठरल्या दिवशी मिळेल, असे देव सांगतो, आणि त्या दिवशी दोघेही झोपेतच मरून पडलेले आढळतात. मृत्यू हे वाईट नाही, या म्हणण्याला आधार म्हणून सिसेरोनेही ही कथा वापरली. एकीकडे चोर आणि भावाचे मस्तक कापणारा, दुसरीकडे देवाचा लाडका कारागीर, आणि कौल देणारा मात्र एकच. लेबाडियाच्या लोकांनी यातली गैरसोयीची कथा पुसून टाकली नाही. उलट कौलाआधीच्या रात्री अगामेदीसच्याच नावाने खड्ड्यावर मेंढा कापला जाई.

कौल सापडला त्याची हकिकत सौम्य आहे. बोइओशियात दोन वर्षे पाऊस पडला नाही. गावोगावच्या दूतांना डेल्फीने ट्रोफोनियसकडे जायला सांगितले, पण त्याची जागा कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्यातल्या साओन नावाच्या म्हाताऱ्याने मधमाश्यांचा थवा जमिनीत शिरताना पाहिला आणि तो त्यांच्या मागे गेला. भाविक खाली उतरताना हातात मध घालून मळलेले जवाचे गोळे नेत, त्यांतल्या मधाचा कौलाशी असलेला संबंध या कथेतून कळतो.

या कौलाची कीर्ती फार जुनी. लिडियाचा राजा क्रीसस याने ज्या कौलांची परीक्षा घेतली त्यांत ट्रोफोनियस होता. पर्शियन सेनापती मार्डोनियस यानेही इथे माणूस पाठवला. दोन्ही गोष्टी हिरोडोटसने नोंदवल्या आहेत. ॲरिस्टोफेनीसच्या ‘क्लाउड्स’ नाटकात सॉक्रेटिसच्या घरात शिरताना घाबरलेला म्हातारा मधाचा गोळा मागतो, कारण ट्रोफोनियसच्या विवरात उतरावे तसे त्याला वाटते. अथेन्सच्या प्रेक्षकांना यावर वेगळे काही समजावून सांगावे लागत नव्हते.

विधीचा सर्वांत भरवशाचा वृत्तांत पौसानिअसचा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याने ग्रीस पालथा घातला आणि ट्रोफोनियसकडे तो स्वतः उतरला. ऐकीव सांगत नाही, स्वतः कौल घेतला आहे आणि इतरांनाही पाहिले आहे, असे तो बजावून लिहितो. भाविक आधी ठरावीक दिवस एका इमारतीत राही. ही इमारत शुभदैव आणि सुभाग्य या दोन देवतांची. तिथे ऊन पाण्याची अंघोळ वर्ज्य, स्नान हर्किनेतच. या दिवसांत ट्रोफोनियस व त्याचे पुत्र, अपोलो, क्रोनस, राजा झ्यूस, हेरा आणि ट्रोफोनियसची दाई मानलेली डिमीटर यांना बळी दिले जात, आणि पुजारी आतडी पाहून कौल मिळेल की नाही ते सांगत. सगळे शकुन चांगले निघाले तरी अखेरचा शब्द त्या रात्रीच्या मेंढ्याचा. तो प्रतिकूल तर आधीचे सारे वाया.

मग मध्यरात्री गावातील दोन मुले, तेरा-एक वर्षांची, भाविकाला नदीवर नेऊन तेल लावत आणि न्हाऊ घालत. त्यांना हर्मीस देवाच्या नावावरून हाक मारली जाई. तिथून पुजारी त्याला झऱ्यांपाशी नेत. लेथीचे पाणी पिऊन आतापर्यंत मनात जे काही होते ते विसरायचे. म्नेमोसिनीचे पाणी पिऊन खाली जे दिसेल ते लक्षात ठेवायचे. त्यानंतर डिडॅलसने घडवलेली मानलेली मूर्ती, जी उतरणाऱ्याखेरीज कोणाला दाखवत नसत, तिचे दर्शन होई. अंगात लिननचा अंगरखा, कमरेला पट्टे, पायांत गावठी जोडे घालून तो डोंगरावरच्या राईपलीकडे जाई.

तिथे पांढऱ्या संगमरवराचा गोल ओटा होता, घेर लहानशा खळ्याएवढा, उंची दोन हातांहून थोडी कमी. त्याच्या आत भट्टीच्या आकाराचे बांधीव विवर, सुमारे चार हात रुंद आणि आठ हातांपर्यंत खोल. पायऱ्या नाहीत, एक हलकी, अरुंद शिडी आणून लावत. तळाशी भिंतीत एक भोक, दोन विती रुंद आणि एक वीत उंच. भाविक जमिनीवर उताणा पडे, हातात मधाचे गोळे धरून पाय आधी भोकात घाली, मग गुडघे आत सरकवी. त्यानंतर उरलेले शरीर एका झटक्यात ओढले जाई. मोठ्या, वेगवान नदीचा भोवरा माणसाला ओढून घेतो तसे, असे पौसानिअस म्हणतो. आत कोणाला दिसे, कोणाला ऐकू येई. सर्वांना एकाच रीतीने कळत नाही, हे तो सरळ मान्य करतो. बाहेर येतानाही त्याच भोकातून, पाय पुढे करून यायचे.

वर आल्यावर पुजारी त्याला म्नेमोसिनीच्या आसनावर बसवत आणि काय पाहिले, काय कळले ते विचारत. मग त्याला नातेवाइकांच्या स्वाधीन करत. भीतीने गोठलेला, स्वतःची वा भोवतालच्यांची ओळख न उरलेला तो माणूस पुन्हा त्या पहिल्या इमारतीत नेला जाई. कालांतराने शुद्ध येई आणि हसूही परते. हे हसणे परतण्याचे वाक्य सहज आलेले नाही. कायम उदास असणाऱ्या माणसाबद्दल, हा ट्रोफोनियसकडे जाऊन आला आहे, असे ग्रीकांमध्ये म्हणत. शेवटी प्रत्येकाने आपण पाहिले-ऐकले ते पाटीवर लिहून तिथे अर्पण करायचे, असा दंडक होता.

विस्मरणाच्या झऱ्यात एक तार्किक पेच आहे. भाविक प्रश्न घेऊन येतो. मनातले सगळे विसरला तर प्रश्नही गेला, मग उत्तर कोणाला आणि कशाचे? हा पेच सुटतो तो डेल्फीशी तुलना केल्यावर. डेल्फीत विचारणारा एक आणि देव जिच्यात संचारतो ती पिथिया दुसरी. विचारणाऱ्याचे मन आपल्या जागी शाबूत राहते, तो शब्दांत विचारतो आणि त्याला शब्दांत उत्तर मिळते. लेबाडियात मध्यस्थ नाही. विचारणारा आणि ज्याच्यात दर्शन घडायचे तो, दोघे एकच. त्यामुळे त्याच्या आशा, धास्ती आणि हवे असलेले उत्तर हीच ज्ञानाच्या वाटेतली पहिली अडचण ठरते. अडचण मनात आहे, म्हणून उपायही मनावरच केला जातो. अंगाला पाणी घालणे स्नानात झालेलेच असते. लेथीचे पाणी पोटात जाते. इथले विस्मरण म्हणजे अज्ञान नव्हे. इच्छेने आधीच रंगवून ठेवलेले चित्र पुसणे, असा त्याचा अर्थ लावणे सर्वांत सयुक्तिक दिसते.

ग्रीक विचारात ही भूमिका सर्वमान्य नव्हती. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या शेवटी पुनर्जन्माला निघालेले आत्मे लेथीच्या मैदानात पाणी पितात. ज्यांना विवेक नाही ते प्रमाणाबाहेर पितात आणि सगळे विसरतात. ‘मेनो’त तर शिकणे म्हणजे आत्म्याला पूर्वी ठाऊक असलेले आठवणे, असे प्रतिपादन आहे. प्लेटोच्या या मांडणीत विस्मरण म्हणजे हानीच. ग्रीस आणि दक्षिण इटलीतील थडग्यांत सापडलेले सोन्याचे पातळ पत्रे आणखी कडक आहेत. मेलेल्याला त्यांवर सूचना दिलेली असते की, पांढऱ्या सायप्रस वृक्षापाशी जो पहिला झरा दिसेल त्याच्या जवळही जाऊ नकोस, पुढे म्नेमोसिनीच्या सरोवराचे पाणी माग. त्या पंथात एकच पाणी तारक आणि दुसरे घातक. लेबाडियात तोच मृतांचा प्रदेश जिवंतपणी ओलांडायचा, पण दोन्ही पाणी पिऊन, आणि ठरलेल्या क्रमाने. मेलेल्याला परत यायचे नसते. लेबाडियाच्या भाविकाला यायचे असते. या फरकामुळे लेबाडियाची दृष्टी अधिक खरी वाटते. जगणाऱ्या माणसाला केवळ स्मरणावर भागवता येत नाही. हेलिकॉनच्याच उतारावरच्या आस्क्रा गावी राहणाऱ्या हेसिअडनेही म्नेमोसिनी ही काव्यदेवतांची आई असे सांगताना, तिने त्यांना दुःखाचा विसर पडावा म्हणून जन्म दिला असे म्हटले आहे. एकाच डोंगराच्या परिसरात स्मरण आणि विस्मरण ही नात्याने जोडलेली होती.

संशय घेणाऱ्याचा मुद्दा मात्र आसनापाशी येतो, आणि तो बिनतोड आहे. स्वतःचे नाव न आठवणाऱ्या माणसाला पुजारी प्रश्न विचारतात. प्रश्न विचारण्याच्या ओघातच उत्तर घडत जाणे अगदी शक्य आहे. दुसऱ्या शतकातल्या ल्युशियनने ट्रोफोनियसच्या कौलाची खिल्ली उडवली, आणि त्यामागे नुसता टवाळपणा नव्हता. गुंगी, अंधार, उपासमार, भीती यांनी माणसाला काहीही दिसू शकते हे प्राचीनांनाही कळत होते. या मुद्द्याला लेबाडियाकडे पूर्ण उत्तर नाही. पण अर्धे आहे, आणि ते पाटीत आहे. दर्शन एकट्याचे, तरी त्याने चारचौघांत तोंड उघडून सांगायचे आणि पुढे लेखी मांडायचे. एकाची पाटी दुसऱ्याच्या पाटीशी जुळली नाही तरी दोन्ही तिथेच राहत. अनुभव कितीही उत्कट असो, सांगितल्याशिवाय आणि इतरांना तपासता आल्याशिवाय तो ज्ञान होत नाही, हा विचार त्या दंडकात गृहीत आहे. गूढाचा आधार घेणाऱ्या इतर अनेक पंथांनी याच्या नेमके उलट केले: तोंड बंद ठेवण्याची शपथ घातली. एलिउसिसच्या विधींचे गुपित फोडणे हा अथेन्समध्ये गुन्हा होता.

लेबाडियापासून थोड्याच अंतरावरच्या केरोनियाचा रहिवासी आणि डेल्फीचा पुजारी प्लुटार्क याने हा प्रश्न तत्त्वज्ञानात नेला. सॉक्रेटिसला आतून ऐकू येणारी वाणी म्हणजे काय, या विषयावरील त्याच्या संवादात टिमार्कस नावाचा तरुण त्या वाणीचे स्वरूप जाणण्यासाठी ट्रोफोनियसकडे उतरतो. दोन रात्री आणि एक दिवस तो आत राहतो. कवटीचे सांधे उघडून आत्मा बाहेर पडला असे त्याला वाटते. बेटांसारखे फिरणारे तारे दिसतात आणि एक आवाज त्याला समजावतो की, आत्म्याचा जो भाग देहात बुडत नाही त्याला लोक बुद्धी म्हणतात आणि ती आपल्या आत आहे असे समजतात, पण ती बाहेर असते. ही कथा म्हणून सांगितली आहे, सिद्धान्त म्हणून नव्हे, याचे भान प्लुटार्कने राखले. दुसऱ्या एका संवादात तो कौल का बंद पडले याची चर्चा घडवतो. बोइओशियातले इतर कौल मुके झाले होते, लेबाडियाचा तेवढा चालू होता. देव मरतो म्हणून कौल थांबतो काय? लोकवस्तीच घटली, असे एकजण म्हणतो. दुसऱ्याच्या मते देव अविनाशी असला तरी जमिनीतून येणाऱ्या ज्या वाफेचा तो वापर करतो ती आटते. झरे हलतात, खाणी संपतात, तसेच हे. भूगोल आणि धर्म यांचा संबंध इतक्या गंभीरपणे मांडणारे लेखन प्राचीन जगात थोडे आहे, आणि ते एका खेडवळ गावात राहणाऱ्या माणसाने केले.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसिअसच्या फर्मानांनी जुन्या देवांचे यज्ञ आणि पूजा बंद झाल्या. गावावरच्या टेकडीवर राजा झ्यूसचे भव्य मंदिर कधी पुरेच झाले नव्हते. त्याच्या बांधकामाचा करार कोरलेला शिलालेख उपलब्ध आहे आणि त्या टेकडीला आता प्रेषित एलियाचे नाव आहे. ट्रोफोनियसचे विवर नेमके कोणते, यावर पुरातत्त्वज्ञांचे एकमत नाही. १३११ मध्ये कॅटलान भाडोत्री फौजेने अथेन्सच्या फ्रँक ड्यूकचा पराभव करून हा मुलूख घेतला. घळीवरचा किल्ला त्यांच्या काळाची आठवण आहे. त्याच किल्ल्यात संत जॉर्जचे मानले जाणारे मस्तक जपलेले होते आणि आरागॉनचा राजा चौथा पेद्रो ते मिळवण्यासाठी धडपडला. ते पुढे एजिना बेटावर आणि १४६२ मध्ये व्हेनिसला गेले. पवित्रतेची कल्पना इथे पार बदललेली दिसते. ट्रोफोनियसकडे माणसाला जावे लागे. मस्तक मात्र माणसांना नेता येत होते, आणि नेले की गावाचे माहात्म्यही त्याबरोबर गेले.

ऑटोमन अमलात लिवादिया व्यापाराचे भरभराटीचे गाव होते. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात, वसंत ऋतूतच, अथानासिओस डियाकोस याने ते मुक्त केले. तो मठातला उपपुरोहित होता आणि उपपुरोहित हेच त्याचे आडनाव बनले. काही आठवड्यांत तो पकडला गेला आणि त्याला हालहाल करून मारण्यात आले. त्या युद्धातली शेवटची लढाईही लिवादियाजवळच, पेत्रा येथे, सप्टेंबर १८२९ मध्ये डिमित्रिओस इप्सिलांतिसने जिंकली.

विसाव्या शतकात स्मरणाचा प्रश्न या गावापुढे पुन्हा आला, या वेळी कोर्टात. १० जून १९४४ रोजी जवळच्या डिस्टोमो गावात जर्मन एसएस तुकडीने स्त्रिया आणि तान्ही मुले धरून २१८ जणांची कत्तल केली. युद्धानंतर युरोपची घडी नव्याने बसवताना विसरणे हेच शहाणपण, असा मोठा प्रवाह होता, आणि त्याची ग्रीक परंपरा जुनी आहे. इ.स.पू. ४०३ मध्ये यादवीनंतर अथेन्सच्या नागरिकांनी झालेल्या अपराधांची आठवण उगाळणार नाही अशी शपथ घेतली होती. प्लुटार्क तर अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरात लेथीची वेदी असल्याचे सांगतो. पण त्या शपथेत दोन्ही पक्ष समोरासमोर होते, घडले काय हे उघड होते, आणि विसरण्याचा निर्णय ज्यांनी भोगले त्यांचाही होता. दुसऱ्याने लादलेले विस्मरण वेगळे. ते शांतता आणत नाही, केवळ तक्रार करणाऱ्याला एकटे पाडते. लेबाडियातही लेथीचे पाणी भाविक स्वतःच्या हाताने, स्वतःच्या इच्छेने पीत असे, आणि त्यानंतर त्याला बोलते करण्याची व्यवस्था होती.

डिस्टोमोच्या मृतांच्या वारसांसाठी बोइओशिया जिल्हा प्रशासनाने लिवादियाच्या न्यायालयात दावा केला. वाचलेल्यांच्या आठवणी कागदावर उतरल्या आणि १९९७ मध्ये त्या न्यायालयाने जर्मनीने सुमारे २ कोटी ८० लाख युरोंइतकी भरपाई द्यावी असा निकाल दिला. २००० मध्ये ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. अंमलबजावणीला लागणारी संमती ग्रीसच्या न्यायमंत्र्यांनी दिली नाही. वारसांनी मग इटलीच्या न्यायालयांत दाद मागितली, पण ३ फेब्रुवारी २०१२ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, परक्या देशाच्या न्यायालयात सार्वभौम राज्यावर असा दावा चालत नाही असे ठरवले. घडले ते अत्याचार होते, हे मात्र त्या निकालातही नाकारलेले नाही. लिवादियाच्या न्यायालयाने ठरवलेली भरपाई वारसांना मिळालेली नाही.